मामांचा खोबऱ्या नि माझा चाकू

ता. ६ जुलै १९३४, शुक्रवार
महाड–पोलादपूर दोन फेऱ्या. पाऊस झोडपतोय. मागच्या चाकात धोंडा रुतला, तो चाकूनं उकरला. त्याच चाकूनं टपावरच्या पेटाऱ्याचा सुंभ कापला, प्लग खरवडला, दुपारी भाकरीबरोबर कांदा चिरला. मालक म्हणाले, "दत्तू, गाडीला हत्यारांची पेटी दिलीय ती पुजायला काय?" पेटी सीटखाली. सीटवर कोणीतरी बाई पोर घेऊन बसलेली. तिला उठवा, पोराला रडवा, मग पेटी काढा. त्यापेक्षा खिशात हात घातला की काम झालं.
मोठ्या पात्याला खाच पडली मात्र. धोंड्याचा प्रताप.

ता. ८ जुलै, रविवार
मामांकडे गेलो. पाय सुजलेत, आता अंथरुणातून उठणं नाही. मामांचा मुलगा शंकर मुंबईला गिरणीत, तेव्हा सासऱ्याचं सगळं गोदावहिनीच करते. आईच्या माघारी मला हेच एक घर.
मामांनी पुन्हा तेच बजावलं, "खोबऱ्या माझ्यासंगं यायचा. इसरू नका." त्यांच्या घराची रीतच आहे. ज्यानं जो आंबा लावला तो त्याच्याच चितेला. आजोबांचा शेंदऱ्या त्यांच्याबरोबर गेला, मी लहानपणी पाहिलाय. खोबऱ्या मामांनी लग्नाच्या साली लावलेला. फोड दाताखाली खोबऱ्यासारखी लागते, असा आंबा मी दुसरीकडे खाल्ला नाही. कोयी लावून पाहिल्या दोनदा, आंबट निघाल्या.
म्हटलं, "मामा, कलमं बांधू?"
"बांध की. किती दिस लागतात रे?"
"तीन महिने. तोवर झाड तोडता येत नाही."
मामा हसले. "म्हंजे तवर मी मरायचं नाय."
वहिनीनं तोंडाला पदर लावला.  पण 'राहू दे' असं काही मी म्हटलं नाही.

ता. १४ जुलै, शनिवार
खोबऱ्याच्या खालच्या फांदीला बांबूचा माच बांधला, त्यावर रोपांची सहा मडकी. रोपाची साल तासायची, फांदीची साल तासायची, दोन्ही उघड्या जागा एकमेकींना भेटवून केळीच्या सोपटानं आवळायच्या, वर शेणमाती. भेटकलम. काप सरळ येईना, खाचेपाशी साल फाटत होती. चाकूला गाडीच्या ऑइलचा वास. सदऱ्याला पुसला नि रेटलं. पोलादपूरची फेरी गाठायची होती.

ता. १ ऑगस्ट, बुधवार
सहाही गेली. सोपट सोडलं तर आत काळं, बुळबुळीत.
मामांनी खाटेवरून विचारलं, "काय रे, गाडीगत बंद पडली काय?"
हसले, पण मला हसू आलं नाही. घाई नडली. जवळजवळ तीन आठवडे फुकट गेले. माझे गेले असते तर काही नव्हतं, हे मामांचे गेले.

ता. ४ ऑगस्ट, शनिवार
चाकू निसण्यावर घासत बसलो, खाच जाईपर्यंत. पातं चांगलंच अरुंद झालं. आता अंगठ्यावरचा केस उडतो. ठरवलं, कलमं होईपर्यंत याला दुसरं काम द्यायचं नाही.
दुपारी कांदा बुक्कीनं फोडला. सुंभ दातानं तोडायला गेलो, दाढ ठणकते आहे.

ता. ५ ऑगस्ट, रविवार
चाकू उकळत्या पाण्यातून काढला. नवी रोपं, पुन्हा सहा मडकी, त्याच फांदीला. काप लोण्यासारखे आले.
आत आलो तर मामांनी सुपारीला चाकू मागितला. दर खेपेला मागतात. मी जमिनीवर ठेवतो, ते उचलून घेतात. पातं हातोहात दिलं की भांडण होतं म्हणे. आज म्हटलं, "आज नको मामा, अजून एक काप राहिलाय."
"झाडाला देतोस, मला नाय," म्हणाले आणि कुशीवर वळले. परतीच्या सबंध वाटेवर तेच डोक्यात. द्यायला हवा होता.

ता. २० ऑगस्ट, सोमवार
जाता येता गाडी थांबवून मडकी बघतो. उतारू कावतात. सावच्या गरम पाण्याच्या झऱ्यांकडे निघालेले एक गृहस्थ म्हणाले, "ड्रायव्हर, आम्हांला ऊन पाण्यात बुडायचंय, तुमच्या शेणमातीत नाही." बरोबर आहे त्यांचं.
वहिनी सांगत होती, "आबा जेवतच नव्हते भावजी. काल म्हनाले, दत्त्याची कलमं होईस्तो जेवाया पायजे. अर्धी भाकरी खाल्ली."
 गाडीत येऊन बसलो. हँडल मारायचं सुधरेना.

ता. १२ सप्टेंबर, बुधवार
गणपती. शंकर मुंबईहून आला. सहातली तीन कलमं धरलीत, बाकी वाळली. शंकरला माचाचा राग. "हे नाटक बंद कर दत्तू. बापाचा शब्द एक तरफ आणि तुझी मडकी एक तरफ?"
आतून मामांचा आवाज, "अरे मी हाय अजून. माझ्या मागं भांडा."

ता. २७ सप्टेंबर, गुरुवार
मामा सकाळी गेले.
शंकर गणपतीनंतर राहिलाच होता. मी पोचलो तेव्हा भावकी कुऱ्हाडी घेऊन खोबऱ्याखाली उभी. मी माचाजवळ जाऊन उभा राहिलो.  शब्द मामांचा, मी कोण मोडणार?
वहिनी ओसरीवरून उतरून आली, सगळ्या पुरुषांदेखत. "आबांनी दीड महिना घास गिळला तो या मडक्यांपायी. ती फांदी ठेवा." आत निघून गेली.
शंकरनं कुऱ्हाड बुंध्याला टेकवली. मग म्हणाला, "ठीक हाय. एक मडकं वर हाय तवर फांदीला हात नाय लावनार. शेवटचं उतरलं की फांदी नि बुंधा तोडून नदीवर जाळनार. तवर बापाचं अर्धंच झालं, समज."
बाकी सगळा खोबऱ्या उतरवला. ओलं लाकूड पेटेना, घासलेट ओतलं. भावकीतला एक म्हातारा पुटपुटला, "अडकला बिचारा." तेव्हा मला रडू आलं.

ता. ६ ऑक्टोबर, शनिवार
दहावा. नदीकाठी पिंड ठेवला, कावळे समोरच्या झाडावर बसलेले, एकही शिवेना. ऊन चढलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.
शंकर हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "आबा, दिवाळीला येतो. उरलेला खोबऱ्या तुमच्या नावानं जाळतो." काही नाही.
मग मी पुढं झालो. म्हटलं, "मामा, एक कलम तुमच्याच दारात लावीन."
थोड्या वेळानं कावळा उतरला.
शंकर म्हणाला, "माझं ऐकलं." वाटेत वहिनी हळूच म्हणाली, "तुमचं ऐकलंन भावजी." कोणाचं ऐकलं ते मामांना ठाऊक.

ता. १४ ऑक्टोबर, रविवार
तिन्ही कलमांना फांदीच्या बाजूनं अर्धा काप दिला. हळूहळू तोडायचं असतं, एकदम नाही. शंकर मुंबईला परत गेला.
चाकू पुन्हा सगळ्या कामाला घेतला आहे. आज रेडिएटरची नळी कापली. कलमाच्या वेळी पुन्हा घासेन.

ता. ४ नोव्हेंबर, रविवार
शंकरचा सांगावा, मुंबईहून आलेल्या उतारूच्या तोंडी. धनत्रयोदशीला येतो, कुऱ्हाडीला धार लावून ठेवा.
चाकू घासून, उकळून गेलो. बोडक्या बुंध्यावर एकच फांदी, आणि तिच्या टोकाला तांबडी पालवी फुटलेली. पहिलं कलम कापलं, मडकं वहिनीच्या हातात दिलं. दुसरं कापलं. दोन्ही ठणठणीत. तिसरं बोटानं दाबून पाहिलं. तेही पक्कं धरलंय, आजच सुटेल.
चाकू उघडा हातात. वहिनी खालून वर बघत होती.
"झालं काय भावजी?"
"दोन झाली. हे अजून कच्चं आहे."
"किती दिस लागतील?"
"सांगता येत नाही."
तिनं खालच्या दोन मडक्यांकडे पाहिलं, मग पालवीकडे. मी चाकू मिटला.
"मग ह्यांना तसंच सांगते," म्हणाली, आणि वरच्या मडक्याला पाणी घालायला हवं म्हणून कळशी आणायला आत गेली.