मधला आयसी

२९ सप्टेंबर २०२५
आजपासून रोज लिहायचं. पुढं मोठा झालो की मलाच उपयोगी पडेल.
बन्सीसाहेबांनी गेटवर हजेरीचं मशीन बसवायचं काम मला दिलं. आमची वाळूजची कंपनी कार्ड-रीडर बनवते आणि आमचीच हजेरी अजून कागदावर! साहेब म्हणाले, सुदर्शन, दिवाळीपर्यंत बिनतक्रार चालव, तुला कायम करायचं बघतो. सहा वर्षं ठेकेदार सखारामशेठच्या यादीत आहे. आता मधला माणूस जाणार.
बायकोला सांगितलं. फक्त तिलाच.

३० सप्टेंबर
अपेक्षानं तिच्या आईला चितेगावला फोन केला. सासूबाईंनी पेढे वाटले. म्हणजे मशीन चालायलाच पाहिजे.
चाललं. एकशेऐंशी माणसं. कार्ड खाचेत घातलं की हिरवा दिवा, टूं, हजेरी. सगळ्यांना नवी कार्डं दिली. मला जुनं सॅम्पलचंच ठेवलं, त्याग म्हणून.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
कंपनीत मशीनपूजा. बाकीचे मशीनच्या कपाळाला टिळा लावून मोकळे झाले. मी मनापासून केली. कार्ड-रीडरचं तोंड म्हणजे खाच. ओलं कुंकू, हळद आणि चार अक्षता थेट आत. वरून नारळाचं पाणी.

३ ऑक्टोबर, सकाळी ६.५०
लाल दिवा. कुणाचंच कार्ड घेईना. रांग बसथांब्यापर्यंत.

११.००
टेस्टिंगच्या सरितानं मशीन खोललं. कार्ड आणि मशीन यांच्या मधे नखाएवढा इंटरफेस आयसी, म्हणजे एक चिप, असतो. तो कार्डाला झेपेल तेवढीच वीज देतो आणि कुठं शॉर्ट दिसलं की आधी वीज तोडतो. ती म्हणाली, दादा, आयसी बरोबर वागतोय, खाचेत लई चिखल झालाय, ब्रशनं साफ करा.
पूजेचं कुंकू पुसायचं? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी? हिला आयटीआय करून तीनच वर्षं झालीत.
माझं निदान: आयसी भित्रा आहे. काढून टाकणार.

४ ऑक्टोबर
काढला. कार्डाला थेट पाच व्होल्टची वायर. मधे कुणी नाही. कुंकूही वाळलं होतं. माझं कार्ड घातलं, पहिल्या झटक्यात हजेरी!
सरिता म्हणाली, तुमचं कार्ड जुनं हाय, नवी तीन व्होल्टची हायत, जळतील. म्हटलं, जास्त मिळालं म्हणून कुणाचं वाईट झालंय? तिला साहेबांना सांगायचं होतं. मी समजावलं, साहेबांनीच बिनतक्रार म्हटलंय.
एक सुधारणा केली. हिरवा दिवा आणि टूं थेट खाचेच्या स्विचला जोडले. कार्ड आत गेलं की हिरवा. लाल दिव्यानं माणसं उगाच घाबरतात.

६ ऑक्टोबर
रांग नाही. टूं, टूं, टूं. साहेबांनी जाता जाता मान हलवली.

११ ऑक्टोबर
आठवडा झाला. तक्रारी शून्य. बजाजनगरच्या आमच्या गल्लीत अपेक्षा 'आमचे हे परमनंट' असं सांगत सुटलीय. अडवलं नाही. आठ-दहा दिवसांचाच प्रश्न.

१५ ऑक्टोबर
बोनससाठी ऑफिसनं मशीनमधून हजेरी काढली. चार तारखेपासून कंपनीत एकच माणूस हजर. मी.
साहेबांनी कागद पुढं धरला. म्हणाले, कंपनी तू एकटाच चालवतो व्हय रे? मी म्हणालो, मशीन चांगलं आहे, कार्डांचाच लॉट नाजूक निघाला.
सरितानं सगळी तपासली. एकशेअठ्ठ्याहत्तर कार्डं मेलेली. त्यात साहेबांचं पण. तिचं वाचलं. चार तारखेपासून तिनं ते खाचेत घातलंच नव्हतं, ऑफिसात जाऊन सही करत होती. जरा जोरात सांगायचं ना मग.

१६ ऑक्टोबर
तिनं ब्रशनं खाच साफ केली, नवा आयसी बसवला. पाऊण तास लागला. मी टॉर्च धरला होता.
ऐन दिवाळीत लोकांचा बोनस अडकला. गेटवर सगळे मला वळसा घालून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१८ ऑक्टोबर
साहेब म्हणाले, कायमचं सोड, एकतीसला ठेका संपतो, फुडं नाय.
सखारामशेठला सात फोन केले. उचलत नाही. सहा वर्षं मी त्याच्या नावानं बोटं मोडली. आज तोच मधे पडला असता तर पाय धरले असते.
अपेक्षाला सांगायचंय. पण ती चकल्या तळतेय. उद्या सांगतो.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
चितेगाव. अपेक्षानं भावाला ओवाळलं. सासूबाईंनी मला पँटपीस-शर्टपीस दिला. म्हणाल्या, जावईबापू, आता चिंता मिटली. सगळे हसत होते. मी पण हसलो. पाया पडून पीस घेतला.

१ नोव्हेंबर
आज अपेक्षाला सांगायचं नक्की होतं. तिनं डबा हातात दिला. घेऊन निघालो.
कार्ड जमा करायला कंपनीत गेलो. खाचेत घातलं. लाल दिवा. मशीन उत्तम चालतंय.
वॉचमन कडूबा म्हणाला, दादा, तुमी आता भायेरचे, व्हिजिटरमधी लिवा. नाव लिहिलं. वेळ लिहिली. 'कामाचं स्वरूप' या रकान्यापाशी थांबलो. मागं लोक खोळंबले. कडूबानं हळूच माझ्या हातातला पेन घेतला आणि 'किरकोळ' लिहिलं.
मी खाली सही केली.