मोबाईलच्या कराराची तारीख

सावेडी, १६ नोव्हेंबर १९९९

प्रिय अंकुश, घरी सर्वांना जयभीम.

परवा सकाळी मी भांडी घासत होते, तेवढ्यात यांचा मोबाईल वाजला.

"साहेब, बोअरची गाडी कवा धाडताय? दीड महिना झाला वाट बघतोय!" शिंगणापूरचे एक शेतकरी रागावले होते. हे वारले त्याला महिना झाला, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "तर फोन कशाला चालू ठिवला, वैनी?"

तू बंद करायला सांगितलं होतंस, म्हणून करार नीट वाचला. पंधरा तारखेपर्यंत लेखी कळवलं नाही, तर तो आणखी वर्षभर चालणार. वर्षभर कोणीतरी यांना विचारत राहील, असं वाटलं आणि कागद मिटून ठेवला.

मी वेळेवर जेवते. आईचे गुडघे कसे आहेत?

काल, पंधरा तारखेला, मी फोन बंद करण्याचा अर्ज लिहून मोबाईलच्या दुकानात दिला.

तुझी अक्का,
सुलोचना