लाल ठिपक्याच्या झडपा

४ मार्च
कारखान्यातलं काही कुणाशी बोलायचं नाही — तशी आज सही करून दिली. लिहायचं नाही असं मात्र त्या कागदात कुठे नाही. दोनदा वाचला. म्हणून ही वही.

एकवीस वर्षं आम्ही बाळांच्या श्वासयंत्राच्या झडपा करतो. बोटाच्या पेराएवढी झडप, आत रबराचा पडदा. आता संरक्षण खात्याला तीच हवी आहे — वैमानिकांच्या मुखवट्यासाठी.

१९ मार्च
खात्याने चाचणीयंत्र पाठवलं. असल्याच यंत्राच्या कर्जासाठी मी अकरा वर्षं बँकेत खेटे घातले. आमचे फिटर मास्तर त्याच्याभोवती घुटमळत होते. "बाई, हात लावू की आधी धुऊन येऊ?"
"धुऊन या."

२ जून
पडदा जमला! जुना सहा महिन्यांत कडक होऊन चिरायचा. हा सहा वर्षं टिकेल. खात्याचे दोन शास्त्रज्ञ, मास्तर आणि मी — अडीच महिने. इतकी वर्षं जमलं नव्हतं, कारण बाळांसाठी एवढा खर्च करणारं खातं नाही.

३ जून
भाचीचा फोन. ती बालरुग्णालयात डॉक्टर. "मावशी, परत झडप चिरली गं! नर्सने अर्धा तास हाताने फुगा दाबला, तेव्हा बाळ वाचलं. काहीतरी कर ना."
"बघते," म्हटलं. नवा पडदा समोर टेबलावर होता.

११ जून
खात्याचे सुरक्षा अधिकारी आले होते. सगळे त्यांना साहेब म्हणतात.
"रुग्णालयाला नवी झडप देऊ?"
"नाही."
"जुनी?"
"रचना तीच आहे, बाई. तीही बंद."
"मग बाळांनी काय करायचं?"
"ते माझ्या विभागात येत नाही."
चहा छान झालाय म्हणाले.

२८ जुलै
केसाएवढा फरक निघाला की झडप नापास. मास्तर तिच्यावर लाल ठिपका देतात, मग हातोड्याने चेचून पोत्यात. पोतं साहेब मोजून नेतात.

आज साठ नापास. रुग्णालयाच्या मापाने मी पुन्हा तपासल्या. साठच्या साठ पास! मुखवट्याला बारा किलोमीटर उंचीवर चालावं लागतं. बाळांचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर आहे.

मास्तर हातोडा घेऊन उभे. "चेचू?"
"थांबा जरा."
"जरा म्हणजे किती?"
घरी पाठवलं त्यांना.

३० जुलै
ठिपके पुसायला स्पिरिट लागतं. दोन बाटल्या.

५ ऑगस्ट
साहेबांनी पोतं मोजलं. "नापासांच्या नोंदीपेक्षा साठ कमी आहेत. हरवल्या?"
"माझ्याकडे काही हरवत नाही. पाच मिनिटं बसा, लिहून देते."

सुपूर्द केलं ते असं —
साहेबांना: पोतं एक. कारखान्याच्या किल्ल्यांचा जुडगा एक. ही वही.
भाचीला, परवा: झडपा साठ. जुना साठा सापडला असं तिला सांगितलं. ते खोटं होतं आणि माझं होतं. मास्तरांनाही काही माहीत नाही. स्पिरिट मी आणलं.

चौदा झडपा यंत्रांवर बसल्या आहेत, चालू आहेत. काढून न्यायच्या असतील तर वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर, डावीकडे. आत जाण्याआधी हात धुवावेत.