फॉर्मवर लिहिलेला साप

हेर्त्सोगेनआउराख,
जर्मनी, २ जून २०२५

चि. कादंबरीस बाबांचे अनेक आशीर्वाद.

उत्तराला तीन आठवडे उशीर झाला, रागावू नकोस. दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा कागद फाडला. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, त्यात सूनबाई शेजारी उभी असते, म्हणून पत्रच बरं.

रोहन तुझ्याकडे राहतो, हाच काय तो आधार. या चषकात बाहेरदेशचे खेळाडू चालत नाहीत, पण सूनबाई मारिसेल मूळची तिकडची, मनिलाची, म्हणून तिच्या मुलाला बास्केटबॉलच्या संघात घेतलं, असं तुझ्या भावाने, नागेशने, मला समजावलं. सामना इथे दुपारच्या जेवणाला लागतो. लांबच्या रेषेबाहेरून टोपलीत टाकला तर चार गुण, एवढं मला कळायला लागलंय. पण सरावात त्याला घेरी आली हे तू कळवलंस तेव्हापासून घास उतरत नाही. पाणी पितो का? उपाशी पोटी धावतो का?

संघाच्या डॉक्टरांच्या फॉर्मवर विचारलंय ना, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का? तसं कुणी नाही. माझा धाकटा भाऊ श्रीनाथ एकोणिसाव्या वर्षी गेला, तो साप चावून. तेच लिही.

लोभ आहेच, तो राहू दे.
बाबा

मनिला,
२७ जून २०२५

ती. बाबांना कादंबरीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. एवढ्या काळजीतही अक्षर माझ्यापेक्षा सरळ आहे, हे तुमच्या नातवाला दाखवलं. तो 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणाला आणि फ्रीज उघडला. मी मराठीत बोलायचं आणि त्याने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असं आमचं चाललंय.

तुम्ही सांगितलंत तसं फॉर्मवर लिहिलं. डॉक्टर हसून म्हणाले, साप काही रक्तातून उतरत नाही. हृदयाची मोठी तपासणी करायची होती, ती त्यांनी मोसम संपल्यावर ठेवली. ईसीजीचा साधा आलेख नीट आला आहे.

उपांत्यपूर्व फेरीत समोरचा संघ क्रमवारीत वरचा, त्यामुळे त्यांना एकदाच जिंकणं पुरे होतं, आम्हाला लागोपाठ दोनदा. दोन्ही जिंकलो. पण दुसऱ्या सामन्यात रोहन शेवटच्या भागात बाकाजवळ खाली बसला. लोकांना वाटलं बुटाची नाडी बांधतोय. घरी आल्यावर म्हणाला की छातीत पाखरू फडफडल्यासारखं झालं. आईला सांगायचं नाही असं त्याने माझ्याकडून वचन घेतलंय. ती नर्स आहे, लगेच विमानात बसेल म्हणतो. तुम्हाला मात्र सांगितल्यावाचून राहवलं नाही. थकवाच असेल, होय ना?

औषधं वेळेवर घ्या. लोभ कमी होऊ देऊ नका.
कादंबरी

हेर्त्सोगेनआउराख,
९ जुलै २०२५

चि. कादंबरीस आशीर्वाद.

तुझं पत्र आज सकाळी आलं. पाखरू हा शब्द मी तीनदा वाचला. श्रीनाथही हेच म्हणायचा.

त्याला साप चावला नव्हता. जत्रेतल्या कबड्डीत तो चढाईला गेला, रेषेकडे परत येताना गुडघ्यावर बसला आणि गेला. अंगावर ओरखडाही नव्हता. त्याआधी आमचे एक काका चोविसाव्या वर्षी असेच धावताना गेले होते. श्रीनाथ गेला तेव्हा शोभनाआत्याचं लग्न ठरत होतं. घराण्यात छातीचं दुखणं आहे असं कळलं तर स्थळ मोडेल, म्हणून वडिलांनी साप सांगितला. पुढे तुझ्या लग्नात मी तोच सांगितला. सांगता सांगता मलाही तो खरा वाटायला लागला होता. फॉर्मवर विचारलं तेव्हाही मला आधी स्थळंच आठवली. लग्न करायचं आता कुणाचं राहिलंय, तेही सुचलं नाही.

न्याहारीच्या टेबलावर नागेशला आणि मारिसेलला सगळं सांगितलं. नागेश ओरडला. तिने उठून रोहनला फोन लावला. रोहन म्हणाला की ओपा, म्हणजे आजोबा, घाबरट आहेत, साप म्हणणारेही तेच आणि आता हे म्हणणारेही तेच, आणि शुक्रवारी उपांत्य फेरीचा सामना आहे. त्याचं खोटं नाही. संघाच्या डॉक्टरांनी, घरातल्या थोरल्याने लिहून सही करून द्यावं, फोनवरचा फोटो चालणार नाही, तोवर त्याला थांबवता येणार नाही, असं कळवलं आहे.

म्हणून हे लिहितो. सोबतच्या कागदावर माझं पूर्ण नाव, सही आणि दोघांची मरणाची वयं आहेत. नागेशने त्याखाली इंग्रजीत उतरवून दिलंय. मारिसेल आज संध्याकाळच्या विमानाने निघते आहे, पत्र तिच्याच हाती देतो. ती दारात बॅग घेऊन उभी आहे. तिने सकाळपासून माझ्याकडे बघितलेलं नाही. तिला जेवायला लाव, वाटेत ती काही खाणार नाही.

शुक्रवारी नागेशच्या फोनवर निरोप पाठव, तो मला मोठ्या अक्षरांत लिहून देईल. कोण जिंकलं ते नको. रोहन खेळला नाही, एवढे तीनच शब्द लवकर कळव.

आत्माराम