मानमोडी

९ डिसेंबर

थंडी कडक पडली. सकाळी खुराड्याचं दार उघडलं तर एकही कोंबडी लवकर बाहेर यायला तयार नाही. सगळ्या पिसं फुगवून एकमेकींना चिकटलेल्या. फक्त सुलतान कोंबडा तेवढा उतरला — तुरा थंडीनं काळसर पडलाय, त्याला खोबरेल तेल चोळलं. गप उभा राहून चोळून घेतो, नवरा घेणार नाही असं.

खुराड्याला तीन बाजूंनी तुराट्या आणि पोती बांधली. वर हात जाईल एवढी फट मुद्दाम ठेवली. शब्बीर म्हणाले बंद कर की पूर्ण, वारा शिरतो. मी म्हटलं, ट्रॅक्टरचं तुम्हाला कळतं, कोंबड्यांचं मला. आत हवा कोंदली की डोळे येतात, छाती धरते. थंडी परवडली.

अंडी जवळपास बंद. दिवस लहान झाला की देत नाहीत. त्यांनाही आराम हवा. दुकानातलं खाद्य घालून अंडी काढायची मला गरज नाही. ज्वारी, कण्या, लसूण ठेचून टाकलेलं कोमट पाणी. माझ्या आईनंही असंच केलं.

१२ डिसेंबर

आज डोकं फिरलं.

कुत्र्यानं नाल्यातून मेलेली पांढरी कोंबडी ओढत आणली आणि थेट अंगणात टाकली. मी भाकरी थापत होते. बाहेर येईपर्यंत माझी म्हातारी कोंबडी बेगम आणि अजून अंड्यावर न आलेल्या दोन तलंगा तिच्यावर चोची मारत होत्या. काठी घेऊन धावले, कुत्र्याला हाकललं, कोंबडी खड्ड्यात पुरली.

पांढरी म्हणजे अय्याजचीच. माझा धाकटा दीर. नाल्याच्या पलीकडे त्याची शेड आहे — कंपनीची पिल्लं वाढवून कंपनीलाच देतो. मेलेल्या पोत्यात भरून नाल्यात टाकतो, हे सगळ्या फुलसावंगीला माहीत आहे.

गेले सांगायला. शेडला प्लास्टिकचे पडदे, आत शेगड्या, टेपवर गाणी. म्हटलं, बाबा, खड्डा कर, चुना टाक, पूर. हसला. म्हणाला, भाभी, थंडीत मरतातच, तुमच्या गावरान आहेत, त्यांना काय होते?

हसला, हे मी विसरणार नाही.

१४ डिसेंबर

बेगम खात नाही.

१६ डिसेंबर

बेगम गेली. तिच्यामागून दोन्ही तलंगा. हिरवी पातळ हगवण, चोच उघडी ठेवून श्वास, मग मान एका बाजूला अशी वळते की डोकं पाठीवर पडतं. मानमोडी. लहानपणी आजोळी पाहिली होती, तेव्हा गल्लीत एक कोंबडं उरलं नव्हतं.

अडुळसा, हळद, लसूण, सगळं करून पाहिलं. मांडीवर घेऊन थेंबथेंब पाजलं. बेगमनं पाणी गिळलं आणि मान टाकली.

जनावराच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. पहिला प्रश्न — बाई, लस दिली होती काय? नाही म्हटलं. माझ्या कोंबड्यांना कधी लागलीच नव्हती. ते बरंच काही सांगत राहिले, उरलेल्या बऱ्या दिसल्या तरी कोंडून ठेवा, चुना टाका, अजून काय काय. माझं लक्ष कुठं होतं? पलीकडे शेडमध्ये गाणी चालू होती. माझ्या दारात मयत आणि तिकडे गाणी.

१९ डिसेंबर

सुलतान गेला.

सकाळी आरवला, घोगरा. मग चक्कर आल्यासारखा गोल गोल फिरला. मला वाटलं माझ्याकडे येतोय. मागे मागे सरकत भिंतीला टेकला आणि तिथंच बसला. दुपारपर्यंत संपला.

लिंबाखाली पुरला. माती लोटताना ठरवलं. अय्याजला असं काही दाखवीन की जन्मभर लक्षात राहील. मनात नाही, तोंडानं बोलले. शब्बीर मागे उभे होते, त्यांनी ऐकलं. म्हणाले, भाऊ आहे माझा, आणि अठ्ठावीसला जियाची मंगनी आहे, तोपर्यंत तोंड उघडायचं नाही.

जिया अय्याजची पोरगी. तिची आई बाळंतपणात आजारी होती तेव्हा ती पोरगी माझ्याच कुशीत झोपायची. मला बडी अम्मी म्हणते. तिच्यासाठी मी तोंड उघडणार नाही, बरोबर आहे. तोंड उघडायची गरजच काय?

२० डिसेंबर

चार उरल्यात. चांगल्या खातात, पितात, नजर स्वच्छ. इथं ठेवल्या तर त्याही जातील. टोपल्यात घातल्या, वर फडकं बांधलं आणि ऑटोनं तांड्यावर गेले, रुपीबाईकडे.

रुपीबाई आणि मी वर्षानुवर्षं बाजारात शेजारी बसतो — ती कोंबड्या विकते, मी अंडी. नवरा गेल्यावर तिनं कोंबड्यांवरच घर चालवलं. माझ्याहून दुप्पट पाळते. सगळ्या मोकळ्या, साऱ्या तांड्यात फिरतात.

टोपलं उघडून एकेक हातात घेतली, पंख फाकवून पाहिले. म्हणाली, "राहू दे इथं. माह्यात मिसळून जातीन. कोंबडीले कायचं सासर अन् कायचं माहेर?"

बाकीच्या कशानं गेल्या, असं तिनं विचारलं. थंडीनं, म्हटलं. सगळं सांगत बसले असते तर ऑटो सुटला असता.

चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

२४ डिसेंबर

नाल्यात उतरले. शब्बीर गॅरेजवर गेल्यावर. तोंडाला ओढणी घट्ट बांधली तरी वास डोक्यात शिरला. अय्याजच्या मेलेल्या कोंबड्या थंडीमुळे अजून सडून गेल्या नाहीत. पोतं भरलं. शेडमागच्या बाभळीत लपवून वर काटे टाकले, कुत्री ओढणार नाहीत असे.

घरी येऊन अंगाला साबण लावला, पुन्हा लावला. आणि खरं लिहायचं तर — बरं वाटलं. किती दिवसांनी हातांना काम मिळालं.

२६ डिसेंबर

जिया मेंदी दाखवायला आली. दोन्ही हात पुढे धरून, कशालाही न शिवता. म्हणाली, बडी अम्मी, परवा तुम्हीच माझ्या शेजारी बसा. मी हो म्हटलं.

क्षणभर वाटलं, पोतं तिथंच राहू द्यावं. मग ती अंगणाकडे पाहून म्हणाली, अरे, सुलतान कुठाय? तिला कोणी सांगितलंही नव्हतं. तिच्या बापाला ते सांगण्यासारखंच वाटलं नव्हतं.

२८ डिसेंबर

झालं.

पुसदहून पाहुण्यांच्या दोन गाड्या. अय्याजच्या घराकडे जायला शेडच्या फाटकासमोरूनच वाट आहे. मंडपात सगळे खुर्च्या मांडत होते तेव्हा मी वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कोंबडी ठेवत गेले. नीट ओळीत. मान वळलेली दिसेल अशी. मग घरी येऊन हात धुतले, नवा सूट घातला आणि जियाच्या शेजारी जाऊन बसले.

गाड्या फाटकाशी थांबल्या. बराच वेळ कोणी उतरेना. मग मुलाची आई उतरली, बुरख्याची कड हातात उचलून धरली आणि जपून पावलं टाकत आली. चेहरा असा की पाहत राहावा. मुलाचे मामा मंडपात आले आणि बसायच्या आधीच त्यांनी अय्याजला सगळ्यांसमोर विचारलं, "बिर्याणीतल्या कोंबड्या याच शेडच्या आहेत काय?"

अय्याजनं खांद्यावरच्या रुमालानं तोंड पुसलं. मान खाली.

पाहुण्यांनी सरबतालाही हात लावला नाही. अंगठी बॅगेतून बाहेर आलीच नाही. घरी विचार करून कळवतो म्हणाले आणि निघून गेले. बिर्याणीची देग तशीच झाकलेली.

जिया शेजारी बसली होती. मेंदीचे हात मांडीवर उलटे ठेवून. माझ्याकडे पाहिलं. माझ्या नखांकडे पाहिलं की मला तसं वाटलं, कोण जाणे.

घरी येऊन मी जेवले. सुलतान गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर.

२९ डिसेंबर

अय्याज आला. ओरडेल वाटलं होतं, मी तयार होते. तो ओसरीवरही चढला नाही, अंगणात रिकाम्या खुराड्याजवळ उकिडवा बसला.

"भाभी, मले मारलं असतं तरी चाललं असतं. पोरीनं काय केलं होतं तुमचं?"

मी म्हटलं, "माझ्या कोंबड्यांनी काय केलं होतं तुझं?"

त्यानं जमिनीवरचं एक पीस उचललं, परत ठेवलं. मग उठला, विझल्यासारखा गेला. हे उत्तर मी कित्येक दिवस मनात घोटलं होतं, जसंच्या तसं वापरायला मिळालं. जसं ठरवलं तसंच सगळं झालं, तरी रात्री उठून मी रिकाम्या खुराड्याचं दार दोनदा लावून आले. थंडीच आहे तशी.

३१ डिसेंबर

शब्बीर बोलत नाहीत. जेवणाचा डबा गॅरेजवर मागवतात, पोहोचवायला मीच जाते, घेतात आणि पाठ फिरवतात. जियाच्या खिडकीचा पडदा ओढलेला.

नका बोलू.

२ जानेवारी

अय्याजनं शेडमागे खड्डा खणला! मी भिंतीवरून पाहिलं. स्वतः खणत होता, बनियनवर, एवढ्या थंडीत. चुन्याची पोती शेजारी. नाला साफ. कुत्री नाल्याच्या काठावर आशेनं बसून होती आणि उठून गेली.

हेच तर सांगितलं होतं. हात जोडून सांगितलं तेव्हा हसला होता. आता कळतं.

पुसदवाल्यांचा निरोप अजून नाही.

४ जानेवारी

खुराडं साफ केलं. तुराट्या, पोती, सगळं जाळलं. आतून चुना मारला, दार उघडं ठेवून ऊन खेळू दिलं. जमिनीवरची माती खरवडून काढली आणि राख पसरली. थंडी थोडी उतरलीय, दुपारी अंगणात बसवतं.

येत्या बाजारच्या दिवशी चौघींना घेऊन येईन. त्यातली तांबडी लवकरच खुडूक होईल असं वाटतं. तिच्याखाली अंडी ठेवली की अंगण पुन्हा भरेल. रुपीबाईकडून एक कोंबडा मागून घेईन, नाही म्हणणार नाही ती.

अय्याजला पलीकडून सगळं दिसेल. दिसू दे.

६ जानेवारी

रुपीबाईचा फोन. आधी म्हणाली, तुह्या चारी धडधाकट हायेत, त्यायची काळजी करू नको.

मग रडायला लागली. तिच्या बऱ्याचशा गेल्या. माना मोडून. शेजारच्या सुखीबाईच्या गेल्या, पलीकडच्या घरीही तेच. सगळा तांडा हादरलाय.

"कोणंतरी हा रोग आणून घातला, शमसू. नाव कळू दे फकस्त, मी सोडत नाही त्याले. तू सांग, तुले काय वाटते, कोण असन?"

मी म्हटलं, ऐकू येत नाही, रेंज नाही. आणि फोन ठेवला.