धुराविना पिकलेलं केळं

आई, तुला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि आज मी तुला केळ्याबद्दल सांगायला बसलेय. हसू नकोस. परसातला घड उतरवला की तू तो मोठ्या मडक्यात रचायचीस, पेंढ्याचा धूर आत फुंकायचीस आणि झाकणाच्या कडेनं चिखल लिंपायचीस. मी नऊ वर्षांची. दुसऱ्याच दिवशी मला राहवत नाही, चिखल उकरून आत डोकावते, आणि मागं तू उभी. "अगे, अस्का धूर गेला की. आता देवापुढं काय ठेवू, दगड?" आपल्या दक्षिणेकडच्या मराठीत अस्का म्हणजे सगळा, हे हल्ली माझ्या पुण्याच्या सुनेला समजावून सांगावं लागतं. ती केळी खरंच पिकली नाहीत. धुरात असं काय असतं, हे विचारायची तेव्हा माझी छाती झाली नाही. पुढं कॉलेजात कळलं, त्यात इथिलीन नावाचा वायू असतो आणि फळ त्यानं पिकतं.

आता इथल्याच कॉलेजात तीन वर्षं मी आणि माझी एक विद्यार्थिनी, रोज शेजारच्या तिरुविडैमरुदूर गावाहून येणारी, एकच खटाटोप करतोय. भातगिरणीच्या धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात सोडायचा, त्यात तांब्याची नखाएवढी पट्टी बुडवायची आणि वीज द्यायची. तांबं त्या वायूतून नवं काही जुळवून देतं आणि स्वतः आहे तसंच राहतं, लग्न जमवून आपल्या घरी निघून जाणाऱ्या मामीसारखं. वायू तपासणारं यंत्र कागदावर रेघ काढून म्हणालं, इथिलीन झालंय. विभागप्रमुख म्हणाले, "एवढीशी रेघ, मॅडम. यंत्राची चूक असेल. महिना संपला की थांबवू या." पोरीची पीएचडी अर्ध्यावर, माझी निवृत्ती तोंडावर. माझं धाबंच दणाणलं.

मग तुझं मडकं आठवलं. एकाच फणीतली दोन हिरवी केळी, दोन सारखे डबे. एकात आमचा वायू, उरलासुरला कार्बन डायऑक्साइड काढायला चुन्याच्या निवळीतून धुऊन हवेत मिसळलेला. दुसऱ्यात नुसती हवा. "उघडून बघू का?" पोरगी विचारते. "हात लावशील तर बघ," मी खेकसते, अगदी तुझ्या आवाजात. चौथ्या दिवशी एक केळं पिवळंधमक, दुसरं हिरवंगार. मी खुर्चीत बसूनच राहिले. चुलीतून, गिरणीतून, आपल्या नाकातून निघून जाणारा, कुणाला नको असलेला वायू नखाएवढ्या तांब्यापाशी येतो आणि त्याचं फळ पिकवणारं काही होतं. उभा जन्म रसायनशास्त्र शिकवलं, आई, पण अंगावर काटा आला तो त्या दिवशी. विभागप्रमुखांनी दोन्ही केळी हातात उलटीपालटी केली आणि म्हणाले, चालू ठेवा.

हे पत्र प्रयोगाच्या वहीतच राहील, त्या दिवसाच्या पानामागं. पानावर मी लिहिलंय, नमुना टाकून दिला. ते खोटं आहे. पिवळं केळं मी पदराखाली घरी आणलं, देवापुढं ठेवलं आणि खाल्लं. गोड होतं. पण तुझ्या केळ्यांना यायचा तो धुराचा वास त्याला नव्हता, आणि मी घास तोंडात धरून तो शोधत बसले.