शेवटची चाळीस कार्डं

गोविंददादा,

रशियनमधल्या जोडून आखूड केलेल्या शब्दांच्या आपल्या कोशाची शेवटची चाळीस कार्डं माझ्याकडे अडकली आहेत. दुसऱ्याने तपासून सही केल्याशिवाय कार्ड छापखान्यात जायचं नाही, हा नियम तुझाच. 'सामूहिक' आणि 'शेती' यांच्या रशियन शब्दांची डोकी जोडून झालेल्या 'कोल्खोज'चं पहिलं कार्ड आपण पुण्यात समोरासमोर बसून केलं होतं.

काल फोनवर तू तुझ्या नव्या मदतनीस मुलीचं कौतुक करत म्हणालास, "निहारिकाने तीनशे कार्डं आठवड्यात तपासली. तुझं काय चाललंय रे?"

"ऑफिसात काम फार आहे," मी म्हणालो.

खोटं बोललो. माझी कार्डं महिन्यापूर्वीच तपासून झाली आहेत. ती पाठवली की तुझे फोन थांबतील, आणि तुझ्यासमोरच्या माझ्या खुर्चीत निहारिका बसलेली असेल.

आज सकाळी इथे सिंगापुरात, तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये देवापुढे बराच वेळ बसलो, तर ही म्हणाली, "अहो, त्या पोरीचं वाईट तर मागत नाही ना?" उठून चाळीसही कार्डांवर सह्या केल्या. दुपारी पोस्टात टाकीन.

हे पत्र मात्र पाकिटात घालत नाही. तू नमुन्याला पाठवलेली तिची कार्डं माझ्या कार्डांपेक्षा चांगली आहेत, हे तुला माझ्याकडून कळायला नको.

तुझा धाकटा भाऊ,
प्रबोध